फ्रान्समध्ये घर घेतलंय म्हणे!

अगं, ये अशी भिंतीजवळ, म्हणजे हळू बोलता येईल. खाली वॉचमन उभा आहे. त्याला मराठी कळत नाही, पण चेहरे फार वाचतो मेला. आणि तो टॉवेल कठड्यावरून काढ आधी. बाहेरून कपडे दिसले तर इथली पालिका दंड करते.

तुम्ही घर घेताय म्हणे? मला कोणी सांगितलं म्हणजे? काल तुझा नवरा एजंटला घेऊन बकाल्यासमोर, त्या किराणा दुकानासमोर, उभा होता. बकाल्यातल्या पोरानं दह्याच्या डब्याबरोबर बातमी पण वर पाठवली. घ्या गं, अवश्य घ्या. पण घरी सांगताना नीट सांग. आमच्या सासूबाईंनी चिपळूणभर करून ठेवलंय, लेकानं फ्रान्समध्ये घर घेतलं म्हणून. मी म्हटलं, अहो आई, ही इंटरनॅशनल सिटी आहे, दुबईतली. इथं इमारतींच्या घोळक्यांना देशांची नावं दिलीत. चीन, इंग्लंड, ग्रीस, इटली, मोरोक्को, पर्शिया, रशिया, स्पेन, एमिरेट्स, तसं आपलं फ्रान्स. तर म्हणतात, मग मी खोटं काय सांगितलं? पुतण्यानं आयफेल टॉवरचा फोटो मागितला. मी ड्रॅगन मार्टचा पाठवला. एक किलोमीटरहून लांब, वळवळत गेलेलं दुकानांचं भुयार. तो म्हणाला, काकू, फ्रान्स फार बदललं.

आम्ही दुबईत आलो तेव्हा करामात भाड्यानं राहायचो. परक्या माणसाला इथं मालकीचं घर मिळतच नव्हतं. 2002 मध्ये शेख मोहम्मदांनी परवानगी दिली आणि 2006 मध्ये नोंदणीचा कायदा आला. नखील कंपनीनं ही वसाहत उभी करायला घेतली तेव्हा आमचे हे म्हणायचे, त्या वाळवंटात कोण राहायला जाणार? 2008 च्या मंदीत भाव कोसळले तेव्हा मी मागे लागले. तर हे म्हणाले, नोकरी राहते की जाते ते कळू दे. नोकरी राहिली, भाव मात्र चढले. शेवटी घेतलं ते दोन वर्षांपूर्वी, आणि अजून जेवताना तो विषय मी काढत नाही. म्हणजे फारसा काढत नाही.

तुझ्या नवऱ्याला एजंटनं नुसती किंमत सांगितली असेल ना? मग वरचा हिशोब माझ्याकडून ऐक. हिशोबाला सोपं म्हणून चार लाख दिरहॅमचा स्टुडिओ धर. आपल्यासारख्या परदेशी माणसाला पहिल्या घरासाठी बँक जास्तीत जास्त ऐंशी टक्के देते, म्हणजे ऐंशी हजार तुमच्या खिशातले. जमीन खात्याचे चार टक्के, ते सोळा हजार. एजंटचे दोन टक्के आठ हजार, वर व्हॅटचे चारशे. नोंदणीच्या ट्रस्टी ऑफिसची फी पाच लाखांच्या आतल्या घराला दोन हजार, त्यावरही व्हॅट. बँकेचा बोजा चढवायचा खर्च निराळा, नखीलच्या एनओसीचा निराळा. घरात पाऊल टाकायच्या आधी लाखाच्या वर गेले की नाही? आणि हे वरचे चार आणि दोन टक्के आता बँक कर्जात धरत नाही. 2025 पासून ते बंद झालं.

शिवाय करार करताना दहा टक्क्यांचा चेक लिहून ठेवावा लागतो. तो कोणाच्या हातात राहणार ते आधी विचार. आमच्या वेळी एक एजंट गोड बोलून तो चेक स्वतःच्या नावावर मागत होता. ह्यांना वाटलं, असंच असतं. मी म्हटलं, भाजीवाल्याला सुट्टे परत मागता, आणि ह्याला चाळीस हजार नुसते देऊन टाकता?

आणि व्हिसाच्या आशेनं घेत असाल तर विसरा. साडेसात लाखांच्या घराला दोन वर्षांचा मिळतो आणि वीस लाखांच्या घराला गोल्डन. आपला स्टुडिओ कुठेच बसत नाही. आपल्या फ्रान्सचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरच.

तिसऱ्या मजल्यावरच्या नाशिककरांचं कळलं का तुला? त्यांनी स्पेनमध्ये घर घेतलं, भाडेकरूसकट. वाटलं, महिन्याभरात जातील राहायला. भाडेकरूनं शांतपणे चहा पाजला आणि म्हणाला, भाईसाब, नोटीस दो. स्वतः राहायचं म्हणून घर खाली करून घ्यायचं तर बारा महिन्यांची नोटीस लागते, तीही नोटरीकडून किंवा रजिस्टर पोस्टानं. व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही. नाशिककरांनी पाठवली होती व्हॉट्सॲपवर, खाली हात जोडलेली खूण पण टाकली होती. आता वर्षभर घराचा हप्ता स्पेनला आणि भाडं फ्रान्सला. नाशिककरीण बिचारी जिन्यात भेटली की आधी नवऱ्याकडे बघते, मग माझ्याकडे. मी काही विचारत नाही. विचारायचं राहिलंय तरी काय?

तुम्ही घर बघायला सकाळी अकराला जाऊ नका. एजंट तेव्हाच नेतात, अख्खी वस्ती कामावर गेलेली असते. रात्री नऊला जा आणि आधी गाडी लावायला जागा शोधा. मग वारा कुठून येतोय बघा. तिकडे मैलापाण्याचा प्रकल्प आहे, त्या बाजूनं वारा आला की फ्रान्सचं अत्तर कळतं. शेजारच्या घरात किती चपला आहेत तेही मोज. एका खोलीत आठ बेडस्पेस, म्हणजे भाड्यानं दिलेल्या खाटा, असल्या तर पाणी, लिफ्ट, कचरा सगळ्याचीच रांग. आणि तळमजला नको. 16 एप्रिल 2024 चा पाऊस आठवतो ना? छे, तुम्ही नव्हता तेव्हा. 1949 पासून नोंदी आहेत म्हणे, त्यात असा पाऊस नाही. रस्त्याची नदी झाली. मी घाबरून चिपळूणला फोन लावला, तर सासूबाईंनी 2005 चा पूर बघितलेला आणि 2021 चाही. म्हणाल्या, रडतेस काय, मेन स्विच बंद केलास का? मीठ आणि काडेपेटी वरच्या फळीवर ठेव.

पण माणसं विचारशील तर बाई, करामात इतकी वर्षं राहून एवढी जमली नाहीत. आमच्या वास्तुशांतीची गंमत ऐक. बर दुबईहून गुरुजी आणले. होम पेटवला, तीन आहुत्या पडल्या आणि छतावरचा स्मोक डिटेक्टर किंचाळायला लागला! अख्ख्या मजल्याची दारं उघडली. समोरची केरळची नर्स रात्रपाळी करून झोपली होती, ती ओलं पांघरूण घेऊनच धावत आली. वॉचमन शिडी घेऊन. लाहोरच्या बाजी बाळाला काखेत मारून जिन्यात. कोपऱ्यावरची फिलिपिनो मुलगी पासपोर्ट छातीशी धरून. गुरुजी म्हणाले, आता समईवर भागवू. मग आलेच आहेत तर बसा म्हटलं सगळ्यांना. श्रीखंड-पुरी पंचवीस माणसांची केली होती, चाळीस जेवली. उझबेक जोडपं घरून मोठी गोल रोटी घेऊन आलं, श्रीखंडाबरोबर तीच खाल्ली त्यांनी. बाजी अजून दर शुक्रवारी पुलाव पाठवतात आणि वर चिठ्ठी असते, सिर्फ आलू मटर. नर्सनं मात्र ते पांघरूण भरून मागितलं. बरोबरच आहे तिचं, नवं होतं.

मेट्रो? येणार गं. ब्लू लाइनचं काम चालू झालंय. तीस किलोमीटर, चौदा स्टेशनं. आपल्याकडचं जमिनीखाली असणार. तारीख ठरलीय 9 सप्टेंबर 2029, पहिली मेट्रो 2009 च्या 9 सप्टेंबरलाच सुरू झाली होती ना. एजंट मात्र आत्ताच त्या स्टेशनवर उभा असल्यासारखा बोलतो. भाव वाढलेत ते ह्या मेट्रोच्या बातमीनंच.

आता खरं जे सांगायला बोलावलं ते. टायटल डीडवर तुझं नाव घालतोय का तो? विचारलं नाहीस? अगं, ट्रस्टी ऑफिसात खुर्चीवर बसलेल्या मुलीनं आम्हाला विचारलं, मॅडमचे किती टक्के? हे माझ्याकडे बघायला लागले. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली, सावकाश प्यायले. नर्सरीत बारा वर्षं शिकवलं, त्याची ग्रॅच्युइटी आमच्या खिशातून भरलेल्या पैशांत होती. ती मुलगी पेन धरून बसलेली. शेवटी हे म्हणाले, पन्नास. मग बाटलीचं झाकण लावलं मी.

मृत्युपत्र मात्र अजून झालेलं नाही. मुसलमान नसलेल्यांसाठी डीआयएफसीत, म्हणजे इथल्या फायनान्शियल सेंटरमध्ये, 2015 पासून सोय आहे, फॉर्म पण आणून ठेवलाय. विषय काढला की म्हणतात, आत्ताच तर घर घेतलं, इतक्यात मला पाठवतेस कुठं? फॉर्म फ्रिजवर आहे, चुंबकाखाली. बर्फ काढताना दिसतोच त्यांना.

थांब, कसला वास? बघ, फिरला वारा. खिडकी लाव आधी. आणि टॉवेल गं, टॉवेल, अजून तिथेच आहे!