कापण्याचा आवाज: नवख्या पाहुण्यांसाठी सूचना

भातकापणीला डोळखांबकडे येणाऱ्या शहरी पाहुण्याने कानाची थोडी तयारी करून यावे. शाळेत शिकलेला 'स्निप' एवढाच शब्द गाठीला असेल, तर तो शिंप्याच्या दुकानापर्यंत पुरतो. खाचरात उतरला की संपला.

आधी व्याकरण. घाव एकच असेल तर 'कन' लावावे: सपकन, कचकन, खचकन. घाव थांबतच नसतील तर सपासप, कचाकच. 'खचाखच' मात्र जपून वापरावा. तो शब्द शहापूर-डोळखांब एसटीने केव्हाच पळवला आहे.

आता विळा. साधा, धारेचा विळा सप् करतो. दातेरी विळा कर्र करतो. दापोलीचं कृषी विद्यापीठ भातासाठी दातेरी 'वैभव' विळा सुचवतं, आणि कापणी अगदी जमिनीलगत करायला सांगतं, कारण खोडकिड्याच्या अळ्या धसकटात दडून बसतात. जमिनीलगत म्हणजे कंबरेत पुरतं वाकून. तेव्हा पाहुण्याच्या पाठीतून जो 'कट्' ऐकू येतो, तो या सूचनांच्या कक्षेबाहेरचा आहे. शेजारच्या बाईच्या साध्या विळ्याचा सप् जाऊन घस् येऊ लागला, तरी "मावशी, धार गेली" असं सांगायला धावू नये. त्यांना ते तुमच्याआधी कळलेलं असतं. त्या फक्त बांधावरच्या दगडापर्यंत पोचायची वाट बघत असतात.

कोयत्याचा खच् ऐकायचा असेल तर पुन्हा राबाच्या दिवसांत यावं लागेल. पावसाआधी रोपाची जागा भाजायची, त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात. झाडाखाली उभं राहून दाद देऊ नये, कारण खच् नंतर लगेच धप् असतो. रात्री सागाच्या रानातून खट् खट् आलं, तर तो सुतारपक्षी समजावा. सुतारपक्षी रात्री काम करत नाही, हे ज्ञान पाहुण्याने स्वतःपाशीच ठेवावं.

केस कापायला बसल्यावर कात्रीच्या आवाजावरून प्रगती मोजू नये. कसलेला कारागीर एक कच् केसांत आणि तीन हवेत मारतो. हवेतले कच् हात सैल ठेवण्यासाठी असतात, त्यांचे पैसे वेगळे पडत नाहीत.

राहता राहिली उद्‌घाटनाची फीत. ताटातली कात्री बहुधा बोथट असते आणि फीत नायलॉनची, त्यामुळे साहेब ती कापत नाहीत, चावतात. आवाज येईपर्यंत थांबू नये. टाळ्या वाजवून मोकळं व्हावं.