फायलवाले दादा

हरसूलच्या पेठेत ‘फायलवाले दादा कुठे बसतात?’ असं विचारलं, तर पत्त्याच्या आधी उलटा प्रश्न येतो, ‘तुमचं काय अडकलंय?’ काही अडकल्याशिवाय दादांकडे कोणी जात नाही. नुसता चहा प्यायला गेलेला माणूसही परत येतो तो स्वतःच्या जन्मतारखेबद्दल साशंक होऊन.

असे दादा हरसूललाच असतात असं नाही. पेठ तालुक्यात आहेत, सुरगाणा तालुक्यात आहेत, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत आहेत. तहसील कचेरी लांब आणि झेरॉक्सचं यंत्र जवळ, अशी जागा दिसली की तिथे एक दादा उगवतो. हरसूलची तहसील त्र्यंबकेश्वरला. एक कागद घरी राहिला की दिवस गेला आणि त्या दिवसाची मजुरी गेली. या गेलेल्या दिवसाच्या भीतीवर दादांचा धंदा चालतो. ‘धंदा’ हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. ‘एजंट’ म्हटलं तर चिडतात. ‘समाजसेवक’ म्हटलं तर लाजतात, पण चूक दुरुस्त करत नाहीत.

खिशाला तीन पेनं. निळं सहीसाठी, काळं अर्जासाठी, आणि तिसरं न उठणारं, मागायला येणाऱ्यांसाठी. डाव्या हाताची बोटं शाईच्या पॅडने कायमची निळी, कारण अर्ध्या गिऱ्हाइकांचे अंगठे ते स्वतः धरून उमटवतात. फायली ठेवायला कपाट नाही. खताच्या धुतलेल्या गोण्या आहेत. हरसूलच्या पावसात लोखंडी कपाट गंजतं, गोणी गंजत नाही, हे त्यांचं शास्त्र. प्रत्येक गोणीवर पाड्याचं नाव. त्या गोण्यांत अख्ख्या पंचक्रोशीचे जन्म, लग्नं आणि मृत्यू झेरॉक्स होऊन पडलेले असतात. मूळ प्रत ते कधीच ठेवून घेत नाहीत. ‘मूळ तुमचं, झेरॉक्स माझी,’ हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच तत्त्वज्ञानांपेक्षा ते प्रामाणिक आहे.

दादांची खरी हुकमत सुनांच्या कागदांवर. हरसूलवरून थोडं पश्चिमेला गेलं की गुजरात लागतो. पलीकडे धरमपूर, कपराडा. १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली, पण सोयरिकी त्याच्या कितीतरी आधीच्या. मुलगी बघायला जाणारा बाप राज्य ओलांडतो हे त्याच्या गावीही नसतं. ते कळतं सून रेशनकार्डावर घ्यायच्या वेळी. तोवर ती या घरात भाताची आवणी करून, नागली दळून, दोन पोरांची आई झालेली असते. गावाला ठाऊक, देवाला ठाऊक, नुसतं कचेरीला ठाऊक नाही.

मग फाइल उघडते. सुनेचा माहेरचा शाळेचा दाखला गुजरातीत. दादांनी तो पहिल्यांदा एका बाबूपुढे ठेवला तेव्हा बाबूने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘ह्या अक्षरांना वरची रेघ कुठाय?’ दादांनी शांतपणे सांगितलं, ‘साहेब, रेघ तिकडेच राहिली. सूनच आणली फक्त.’ माहेरच्या दाखल्यावर जमात कुकणा, सासरच्या कागदावर कोकणा. दाखल्यावर बाईचं नुसतं नाव, आधारवर त्याला ‘बाई’ जोडलेलं, रेशनकार्डावर घाईत मधलं अक्षर गळालेलं. जन्मतारीख अर्थात १ जून. दादांच्या गोण्यांवर विश्वास ठेवायचा तर त्या भागातली निम्मी प्रजा १ जूनला जन्मली आहे आणि उरलेली १ जानेवारीला. बाकीच्या दिवशी सुइणींना सुट्टी होती.

दादांचा सुवर्णकाळ म्हणजे जुलै २०२४. २८ जूनला ‘लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय निघाला. महिना दीड हजार रुपये, पण अधिवासाचा पुरावा हवा आणि मुदत १५ जुलै. आणि जुलै म्हणजे ऐन आवणी. चिखलातून बाया थेट दादांच्या ओट्यावर. पोटऱ्यांना गारा, डोक्यावर इरलं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेलं रेशनकार्ड. ‘दादा, आवणी टाकून आलेय, पयलं माझं बघ.’ दादा सगळ्यांचंच पहिलं बघत होते. मोबाइलला रेंज नाही म्हणून नारीशक्ती दूत ॲप उघडायला ते टेकाडावर चढत, आणि अर्जात बाईचा तिथल्या तिथे काढलेला फोटो लागायचा म्हणून मागोमाग बायाही चढत. खालून पाहणाऱ्याला वाटावं, गावात जत्रा भरली आहे.

पण गुजरातच्या सुनांचं काय? महाराष्ट्रातला जन्म नाही, पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड नाही, तितकं जुनं मतदार ओळखपत्र नाही. मग ३ जुलैच्या सुधारणेत एक कलम आलं : परराज्यात जन्मलेल्या बाईने महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल. मुदतही पुढे ३१ ऑगस्टपर्यंत गेली. दादांनी ते कलम पाठ केलं. मग एखादी सून रडवेली होऊन आली की ते डोळे मिटत, कीर्तनकारासारखा हात वर करत आणि सुरू होत, ‘परराज्यात जन्म झालेल्या महिलेने...’ बाईला एक अक्षर कळत नसे, पण आवाजावरून कळे की काम होणार.

यातली खरी गंमत दादांनीच दाखवली. ज्या नवऱ्याला कधी कोणी काही विचारलं नव्हतं, त्याची शाळा अचानक महत्त्वाची झाली. चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेलेला तो गडी. आता त्याच शाळेत दाखला मागायला गेला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, ‘शाळा सोडलीस हे बरं केलंस, नाहीतर सोडल्याचा दाखला कुठून दिला असता?’ बायकोच्या दीड हजारांना आपला चौथीचा दाखला उपयोगी पडला म्हणून तो गडी पुढे महिनाभर घरात शिक्षणाचं महत्त्व सांगत होता.

नवऱ्याचा कागद मिळाला, तरी हा नवरा हिचाच, हे सिद्ध व्हायचं उरतंच. म्हणजे विवाह नोंदणी. १९९८ चा कायदा, नमुना ‘ड’, तीन साक्षीदार, आणि नोंद ग्रामसेवकाकडे. (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण पाड्यावर अजून ‘भाऊसाहेब’च चालतं.) फॉर्मात एक रकाना पुरोहिताच्या नावाचा आणि सहीचा. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते धवलेरी, आणि ती पोथी उघडत नाही, गाणी म्हणत लावते. दादांनी एकदा त्या रकान्यात धवलेरी आजींचा अंगठा घेतला. भाऊसाहेब म्हणाले, ‘पुरोहित बाई?’ दादा म्हणाले, ‘साहेब, फॉर्ममध्ये बाप्याच पाहिजे असं कुठं लिहिलंय?’ भाऊसाहेबांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. लिहिलेलं नव्हतं. आजींना त्या दिवशी आपण सरकारी मान्यता मिळवून बसलो याचा पत्ताही नव्हता. त्या अंगठ्याला लागलेली शाई कशाने जाते, एवढंच विचारत होत्या.

लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो, ही आणखी एक पंचाईत. इकडे कित्येक जोडपी आधी नांदतात आणि लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न लावतात. आईबापांच्या वरातीत पोरं नाचतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. एका जोडप्याने फाइलला फोटो दिला, त्यात नवरीच्या कडेवर मुंडावळ्या ओढणारं लेकरू. दादांना तो फोटो इतका आवडला की त्यांनी एक प्रत स्वतःसाठी काढली. पण जुन्या तारखेची पत्रिका छापून द्या म्हणणाऱ्याला मात्र ते ओट्यावरून उठवतात. ‘खोटा कागद माझ्या गोणीत नाय जायचा. शपथेवर लिहून दे, पोलिस पाटलाचा दाखला आण.’ त्यातही लोकांना स्टँपपेपर हवा असतो. साधं स्वयंघोषणापत्र चालेल असं सांगितलं तर गिऱ्हाईक हिरमुसतं. शिक्क्याशिवाय सांगितलेलं खरं त्याला खोट्यासारखं वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा स्टँप जाऊन पाचशेचा आला, तेव्हा कुठे लोकांचा साध्या कागदावर विश्वास बसला.

आणि मग एके दिवशी दादांकडे अमेरिका आली. ती आली गिरणाऱ्याहून. हरसूल-पेठची माणसं गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभी राहतात, द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांवर जातात, ही ओळख जुनी. मजूर सोडायला आलेला एक बागायतदार ओट्यावर टेकला आणि घरची व्यथा सांगू लागला. मुलगा अमेरिकेचा नागरिक, सून नाशिकची. तिच्या जन्मनोंदीत नावाचा रकानाच कोरा. शिवाय लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं तर ते दोन वर्षांपुरतंच, सशर्त. मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा आणि लग्न खरं असल्याचा पुरावा जोडायचा. १९८६ पासून तिकडे हा कायदा आहे, कारण कागदापुरती लग्नं फार होऊ लागली होती.

‘लग्नाचा दाखला जोडला की झालं,’ दादा म्हणाले.

‘तेवढ्याने भागत नाही. एकत्र राहता ते दाखवा म्हणतात. दोघांच्या नावाचं बँक खातं, घरभाड्याचा करार, विमा, फोटो, ओळखीच्या माणसांची शपथपत्रं.’

दादा बराच वेळ गप्प बसले, हे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ. मग म्हणाले, ‘म्हंजे त्यांच्याकडं कागद आहे, तर ते म्हणतात संसार दाखवा. आमच्याकडं संसार अंगणात उघडा फिरतोय, तर हे म्हणतात कागद दाखवा. ह्या दोघा साहेबांची बदली करून टाकली पाहिजे.’

इमिग्रेशनवर याहून नेमकं बोलणं मी तरी ऐकलेलं नाही. त्या नाशिकच्या सुनेचं जन्मनोंदीत नाव घालायचं काम दादांनी लगेच अंगावर घेतलं, आणि बागायतदाराला बजावलं, ‘पोराला सांगा, फोटोत दोघांनी जरा भांडल्यासारखं दिसा. सगळ्या फोटोत हसणारं जोडपं बघून मला पण संशय येईल.’

दादा हरले ते २०२५ मध्ये. सप्टेंबरात लाडक्या बहिणीला ई-केवायसी आली : बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधार. दोघंही वारले असतील तर? नवऱ्याने सोडली असेल तर? पुढे वाट काढली गेली, की मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या. विधवांचे दाखले दादांच्या गोणीत होतेच. पण इथली काडीमोड पंचांसमोर होते. पंच बसतात, देणंघेणं ठरतं, बाई माहेरी जाते. न्यायालय कोणी पाहिलेलं नसतं. एक बाई चार वेळा येऊन गेली. दादा म्हणाले, ‘लग्न झाल्याचा पुरावा मी कुठूनही उभा करीन गं बाय. मोडल्याचा कुठून आणू?’ त्यांनी अर्जाबरोबर पाच पंचांचे अंगठे असलेलं पत्र जोडलं. ते कोणत्या नियमात बसतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. गोणीवर तिच्या पाड्याचं नाव आहे आणि फाइल अजून बंद झालेली नाही.

तुमच्या घरी लग्न ठरलं असेल, सून गुजरातची असो की नाशिकची, तर दादांचा निरोप आहे. नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधून ठेवा, आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या पंगतीच्या आधी घ्या. जेवण झाल्यावर साक्षीदार सापडत नाहीत. सल्ल्याचे पैसे नाहीत. झेरॉक्सचे वेगळे.