एका लेन्सचं व्रत

'एक कॅमेरा, एक लेन्स' हे म्हणे आता व्रत झालंय. राजापेठेतल्या आमच्या एका हौशी मित्रानंही ते धरलंय. त्यासाठी त्यानं नवा कॅमेरा घेतला. जुने चार कपाटात उपाशी. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं बहुतेक काम ५० मिमी लेन्सवर केलं, हे तो चहाच्या टपरीवर रोज ऐकवतो. अरे भाऊ, आपल्याकडच्या आगफा क्लिक-थ्री कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नव्हती! १२० च्या रोलवर १२ फोटो, त्यात अख्खं लग्न बसवायचं. झूम पायात असे: नवरदेव मोठा हवा, तर दोन पावलं पुढं. त्याला व्रत नाही, ऐपत म्हणत. मित्रानं काढलेला फोटो अजून कोणी पाहिलेला नाही. लेन्स मात्र तो रोज पुसतो.