खोट्या संदेष्ट्याचा मुक्काम

आत्मे ओळखण्याचं वरदान आपल्याला मिळालंय, असं मला मे महिन्यात वणीच्या सासुरवाडीत वाटू लागलं. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात या वरदानाचा उल्लेख केलाय. पात्रतेच्या अटी मात्र दिलेल्या नाहीत. ते माझ्या पथ्यावर पडलं.

मध्यरात्री खिडकीबाहेर कुणीतरी घोगरं कण्हत होतं. कोळशाचे ट्रक मला आवाजावरून कळतात; हा त्यातला नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याने उठून बघितलं असतं. मी गादीवर बसूनच प्रभूच्या नावाने खणखणीत हुकूम सोडला : निघून जा! कण्हणं थांबलं. पंखाही थांबला. लाईन गेली होती, आणि कण्हत होता तो कूलरचा पंप.

"भाऊजी, आता त्याले वापस बोलवा ना," अंधारातून मेहुणा म्हणाला.

गेलेली अब्रू भरून काढायला दुसऱ्या दिवशी घरच्या प्रार्थनासभेत मी अभ्यासपूर्ण बोललो. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, मुली मोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या. हा आत्मा कुठला, असं तेव्हाही लोक विचारत होते. योहानाची कसोटी अशी की, येशू ख्रिस्त देह धारण करून आला हे तो आत्मा कबूल करतो का? मत्तयाची, फळं कशी आहेत?

इथवर ठीक होतं. पण मला 'डिडाखे' सांगायची हौस. ही आरंभीच्या मंडळीची नियमावली; तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ब्रिएनिओस यांना सापडली. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषिताने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा संदेष्टा. निघताना पैसे मागितले, तरी खोटा. आत्म्याच्या भरात पान मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला, तरी खोटाच.

मी रंगात आलो होतो, म्हणून मागच्या रांगेतली खसखस उशिरा ऐकू आली. आठवडाभर तळ ठोकून मी सकाळीच मटणाचा रस्सा फर्मावला होता. परतीच्या तिकिटाचे पैसेही सासऱ्यांकडेच मागितले होते. वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले सासरे पहिल्याच रांगेत, मान खाली घालून बसलेले.

सावरायला म्हणून मी घाईघाईने बाराव्या अध्यायाकडे वळलो : ज्याला मुक्काम वाढवायचाय, त्याने काम करावं आणि जेवावं. सासऱ्यांनी मान वर केली. छताला चुना मारायचा राहिलाय हे मला ठाऊक असतं, तर तो अध्याय मी काढलाच नसता.