सॉफ्टवेअर साहेब, बॉयलर ९२ टक्के तपासता येत नाही

प्रति,
मा. वित्त नियोजन सॉफ्टवेअर साहेब,
मुक्काम पोस्ट क्लाउड.

विषय : देखभाल विभागाचे पुढील वर्षाचे बजेट आपल्या चरणी सादर करण्याबाबत.
संदर्भ : आपली रोजची स्वयंचलित स्मरणपत्रे.

महोदय,

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले अभिनंदन. आपण कंपनीत येण्यापूर्वी बजेटच्या दिवसांत फार गोंधळ असे. ‘बजेट फायनल’, ‘बजेट फायनल नवीन’, ‘बजेट फायनल नवीन साहेबांच्या दुरुस्तीसह’ अशा फायली मेलवरून गावभर हिंडत. त्यातली खरी कोणती हे फायनान्समधल्या एकाच माणसाला ठाऊक असे आणि तो लग्नाला गावी गेला की कंपनीचे बजेटही त्याच्यासोबत गावी जाई. आपण आलात आणि ‘सगळ्यांसाठी एकच आकडा’ अशी घोषणा झाली. आता सर्व विभागांचे आकडे आपल्या पोटात एका जागी नांदतात. फक्त तिथे पोचण्याआधी प्रत्येक विभाग आपला कोरा साचा एक्सेलमध्ये उतरवून घेतो, हिशेब तिथे करतो, चार जणांना मेलवरून दाखवतो आणि मग आपल्याकडे चढवतो. त्या फाइलचे नाव अजूनही ‘बजेट फायनल नवीन’ असेच असते.

एक्सेलवर आपला विश्वास नाही, याबद्दल आमची तक्रार नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क बाजारात आणले, तेव्हापासून एक आकडा बदलला की खालचे सगळे आपोआप बदलतात, हे सुख हिशेबनिसांना मिळाले आणि एक आकडा चुकला की खालचे सगळे आपोआप चुकतात, हे दुःखही. २०१२ मध्ये जेपी मॉर्गन बँकेच्या लंडन शाखेत सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. तिथे जोखीम मोजायचे गणित एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये हाताने चिकटवले जात होते आणि एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागले होते. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे पंधरा हजारांहून अधिक रुग्ण सरकारी आकडेवारीतून काही दिवस गायब होते, कारण जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नव्हती. इतके झाल्यावर कोणत्याही वित्त संचालकाला आपल्यासारखा शिस्तीचा माणूस ठेवावासा वाटणारच.

आपली शिस्त आम्ही रोज अनुभवतो. आमच्या कॉस्ट सेंटरचा कोड ००४१२. आपल्याकडून उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी पुढची दोन शून्ये गळून पडतात. मग आपण ४१२ला दारातच अडवता आणि ‘अवैध सदस्य’ असा शिक्का मारून परत पाठवता. मशीनच्या गटाचा कोड ३-१२ असा असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते. यात आम्ही एकटे नाही. जनुकांची ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशी इंग्रजी आद्याक्षरांची नावे एक्सेल तारखा समजून बदलत असे, म्हणून २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने शेवटी जनुकांचीच नावे बदलली. ही सवय बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. तेव्हा एखाद्या विभागप्रमुखाने दोन शून्यांसाठी रात्री जागावे, यात विशेष ते काय?

शिवाय आपला पडदा मिलियनमध्ये बोलतो, कारण आपला वरचा अहवाल परदेशात वाचला जातो. आमचे पुरवठादार कोटेशन देतात लाखांत. साडेबारा लाख म्हणजे सव्वा मिलियन, हे दिवसा ठीक जमते. अखेरच्या तारखेच्या रात्री साडेअकराला दशांश चिन्ह एक घर सरकले की गाळण्या बदलण्याच्या तरतुदीत अख्खा कॉम्प्रेसर बसतो. आपण त्याला हरकत घेत नाही. रकाना भरला आहे आणि त्यात अंक आहे, एवढ्यावर आपले समाधान होते. ‘कारण नमूद करा’ ही चौकट आपण सक्तीची केली आहे, पण तिच्यात नुसते टिंब दिले तरी आपण हिरवी खूण करता. कंपनीत सध्या सर्वाधिक खर्चांचे समर्थन टिंबानेच होत असावे.

आता वर्षाचा आकडा बारा महिन्यांत वाटण्याबद्दल. एकूण रक्कम भरून बटण दाबले की आपण तिचे बारा समान भाग करता. या समतेपुढे आमचे मस्तक नम्र होते. पण छपराची गळती काढणे आणि पाणी उपसण्याचे पंप दुरुस्त करणे ही कामे मे महिन्यातच होतात, चिलर उन्हाळ्यातच दमतात आणि मशीन उघडून करायची मोठी कामे कारखाना दिवाळीला बंद असतो तेव्हा उरकावी लागतात. त्यात दिवाळी आपल्या कॅलेंडरला विचारून येत नाही. २०२५ साली लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात होते, २०२६ साली ते नोव्हेंबरात आहे. म्हणजे मागच्या वर्षीच्या ऑक्टोबराशी तुलना करून आपण आम्हाला काटकसरीबद्दल शाबासकी देणार आणि पुढच्याच महिन्यात त्याच खर्चासाठी लाल रंगात खुलासा मागणार. दोन्ही वेळा आम्ही तेच बेअरिंग बदललेले असेल.

कंत्राटी मजुरांचे तसेच. किमान वेतनावरचा विशेष भत्ता राज्यात दर सहामाहीला, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. आपण मात्र एप्रिल ते मार्च एकच दर गृहीत धरून त्याला कुलूप लावता. विजेची गोष्ट आणखी गमतीची. आपले बजेट जानेवारीतच बंद होते, तर वीजदर ठरवतो राज्य विद्युत नियामक आयोग. २०२५ मध्ये त्याचा आदेश २८ मार्चला आला, एप्रिलच्या सुरुवातीला त्याला स्थगिती मिळाली आणि जूनच्या अखेरीस सुधारित आदेश निघाला. तोवर आपल्या पडद्यावर आमचा वीजखर्च दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक होता. कशाच्या आधारावर अचूक, ते विचारण्याची चौकट आपल्याकडे नाही.

हे सगळे आम्ही हसून सोडले असते. खरे गाऱ्हाणे पुढे आहे.

आपल्या कार्यपद्धतीत बजेट खालून वर जाते असे सांगतात. सुपरवायझर यादी करतो, आम्ही एकेका मशीनचा इतिहास काढतो, कोणते गिअरबॉक्स किती तास चालले ते पाहतो, कोटेशने मागवतो. आठवडे जातात. आपण ते सगळे विभागवार, कारखानावार गोळा करून वरच्या पायरीवर नेता. तिथे एक आकडा आधीच ठरलेला असतो. वरून फर्मान येते की एकूण खर्चात आठ टक्के कपात, आणि आपण तो आकडा एका क्षणात सगळ्या ओळींवर प्रमाणात पसरून देता. याच कामासाठी आपली खरेदी झाली असावी, इतक्या सफाईने देता.

साहेब, आमच्या यादीत बॉयलरची वार्षिक तपासणी आहे. १९२३चा कायदा जाऊन २०२५चा आला, तरी प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवता येत नाही आणि प्रमाणपत्राला मुदत असते. ही तपासणी ९२ टक्के करता येत नाही. लिफ्टची, क्रेनची, अग्निशमन यंत्रणेचीही नाही. तपासनीस आठ टक्के कमी पाहून सही करत नाही, आणि तशी सही करणारा भेटलाच तर त्याच्यापासून लांब राहिलेले बरे. म्हणजे ज्या ओळी कापता येत नाहीत त्यांचे आठ टक्केही कापता येतील अशा ओळींतून निघतात. त्या ओळी असतात वंगणाच्या, सुट्या भागांच्या आणि प्रशिक्षणाच्या. ‘सरसकट आठ टक्के’ असे आपल्या अहवालात छापले जाते, तेव्हा वंगणाच्या ओळीवर प्रत्यक्षात कितीतरी मोठा घाव पडलेला असतो. बेरीज मात्र जुळते.

पुढे काय होते? वंगण कमी, म्हणून बेअरिंग तापते. बेअरिंग जाते आणि लाइन सहा तास बंद पडते. त्या सहा तासांचे नुकसान आपण उत्पादन विभागाच्या कॉस्ट सेंटरला लावता. आमच्या ओळीवर बचत दिसते, हिरव्या रंगात. उत्पादनप्रमुख लाल रंगात उभे राहून खुलासा देतात आणि आम्ही त्याच बैठकीत बचतीबद्दल टाळ्या घेतो. आपल्याकडे प्रत्येक केलेल्या खर्चाला कोड आहे. न केलेल्या खर्चाची किंमत कुठे लिहायची, यासाठी आपण एकही रकाना ठेवलेला नाही. देखभालीचे सगळे अर्थशास्त्र तर त्याच रकान्यात आहे.

विभागही काही साधुसंत नाहीत. आठ टक्के कापणार हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण मागणी आधीच फुगवतो. आपल्यालाही ते ठाऊक, म्हणून पुढच्या वर्षी कपात दहा टक्के. यंदा खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षीची सुरुवात त्या कमी आकड्यापासून होणार, म्हणून मार्चमध्ये गोदामात पुढच्या दोन वर्षांचे हातमोजे येऊन पडतात. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम ६२मध्ये, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची झुंबड म्हणजे आर्थिक औचित्याचा भंग असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याला सरकारी दिरंगाईचा तिटकारा आहे, पण मार्चची झुंबड आपण सरकारकडून जशीच्या तशी उचलली आहे. नियम तेवढा उचलायचा राहिला.

तेव्हा काही नम्र मागण्या. कायद्याने बंधनकारक असलेल्या खर्चाच्या ओळींवर वेगळी खूण असावी आणि वरून पसरलेली कपात त्यांना शिवू नये. वर्षाची विभागणी बारा समान भागांत न करता पावसाळा, दिवाळीची सुट्टी आणि वेतनबदल यांच्या महिन्यांप्रमाणे करण्याची मुभा असावी. प्रत्येक मोठ्या ओळीपुढे ‘हा खर्च नाकारला तर कोणते मशीन थांबेल, किती तास, आणि त्याची किंमत काय’ असा एक रकाना असावा, आणि त्यात टिंब चालू नये. बचत करणाऱ्या विभागाचे पुढच्या वर्षीचे बजेट केवळ बचतीच्या कारणावरून कमी होऊ नये. हे सगळे आपल्या सेटिंगमध्ये करता येते असे आपल्या विक्रेत्यांनी खरेदीच्या वेळी सांगितले होते, म्हणजे अडचण आपल्या तब्येतीत नाही.

खरे तर हे पत्र आपल्याला उद्देशून लिहिणेच चूक. आपण बेरीज करता आणि ती बरोबर करता. आठ टक्के कुठून आणायचे हे ठरवणे माणसांचे काम होते. आपण आल्यापासून ते काम आपणच करता असे सगळ्यांनी सोयीने मानले, कारण आपल्याशी भांडता येत नाही आणि आपल्याकडे बोट दाखवता येते. कपात करणाऱ्याला आता समोर बसलेल्या विभागप्रमुखाचा चेहरा पाहावा लागत नाही, आणि फुगवलेली मागणी करणाऱ्याला खोटे बोलताना नजर चुकवावी लागत नाही. बजेट ही दोन माणसांची हुज्जत आहे. ती समोरासमोर, कागद पुढ्यात घेऊन झाली पाहिजे. त्यानंतर आकडा आपल्याकडे खुशाल द्यावा.

कळावे. लोभ आहेच, तो आपल्या बजेटात बसेल तेवढा वाढवावा.

आपला विश्वासू,
देखभाल विभागप्रमुख

प्रत सविनय सादर : मा. वित्त संचालक. कपातीचा टक्का प्रणालीत टाकण्यापूर्वी प्रत्येक विभागप्रमुखाला अर्धा तास भेटीसाठी बोलवावे, ही विनंती.