फ्रँकलिनसरांशी सहमत

आमच्या गल्लीतल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात सध्या बेंजामिन फ्रँकलिन चालू आहे. मागच्या बॅचला लिंकनचं हेडमास्तरांना पत्र झालं. ते लिंकननेच लिहिल्याचा पुरावा सापडलेला नाही, पण शाळाशाळांत फ्रेम करून टांगल्यावर पुरावा हवाय कुणाला?

सर फळ्यावर सुविचार लिहितात, मग ‘डिस्कशन’ होतं. म्हणजे एकेक जण उभा राहून ‘आय ॲग्री विथ फ्रँकलिन सर’ म्हणतो आणि बसतो. पोरांचं काही चुकत नाही. सहमत व्हायला एक वाक्य पुरतं. विरोध करायचा तर कारण द्यावं लागतं आणि कारण देण्याइतकं इंग्रजी दुसऱ्या लेव्हलला शिकवतात. परवा काटकसरीवर चर्चा होती. तासभर सगळ्यांनी उधळपट्टीला नावं ठेवली. शेवटी ‘आजच फी भरली तर सवलत’ असं सर म्हणाले मात्र, दुसऱ्या लेव्हलचे हप्ते बांधून घ्यायला रांग लागली.

खुद्द फ्रँकलिनची शाळा जेमतेम दोन वर्षांची. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’मधला लेख घ्यायचा, मुद्दे टिपायचे, काही दिवस बाजूला ठेवायचे, मग तोच लेख आपल्या शब्दांत लिहून मुळाशी ताडून पाहायचा, अशी त्याने इंग्रजी घोटली. यात ना फी, ना सर्टिफिकेट, ना ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’. असला क्लास चालायचा कसा?

सुविचार आले ते नंतर, पंचांगातून. फिलाडेल्फियात १७३२ पासून रिचर्ड सॉन्डर्स या टोपणनावाने तो ते काढायचा. वर्षाला १०,००० च्या आसपास प्रती खपायच्या. त्यातले बरेच सुविचार इकडूनतिकडून उचललेले; तसं त्याने कबूलही करून टाकलं. (आपले फॉरवर्डवाले एवढेही प्रामाणिक नाहीत.)

१७५८ च्या पंचांगात त्याने एक लिलाव रंगवला. लोक जमलेत, लिलावाला अवकाश आहे, तेवढ्यात फादर अब्राहम नावाचा म्हातारा काटकसरीवर भाषण ठोकतो, तेही रिचर्डचेच सुविचार पेरत. लोकांना ते अगदी पटतं. लिलाव सुरू होतो आणि तेच लोक वारेमाप खरेदीला लागतात. नव्या कोटाचं कापड घ्यायला आलेला रिचर्ड तेवढा जुनाच कोट आणखी वापरायचं ठरवून घरी जातो.

रिचर्ड अर्थात काल्पनिक होता.