लाडावलेला मोगरा

नर्सरीतून आणलेला मोगरा पहिल्या आठवड्यात जेवढा फुलतो, तेवढा पुढे वर्षभर फुलत नाही. मग घरोघरी एकच निदान होतं : नर्सरीवाल्याने काहीतरी औषध मारलं होतं. बिचाऱ्याने काही मारलेलं नसतं. तिथे हे रोप वीतभर काळ्या पिशवीत दिवसभर उन्हात उभं होतं. आपल्याकडे ग्रिलमधून आलं तर आलं एवढं ऊन, ऐसपैस कुंडी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. असा पाहुणचार झाल्यावर मोगरा अंगाने भरतो, हिरवागार दिसतो आणि फुलायचं नाव काढत नाही.

नागपूरकडचा संत्र्याचा बागायतदार किंवा सोलापूरचा डाळिंबवाला हे बघून हसेल. मृग असो, हस्त असो की आंबे, बहार धरायचा तर तो आधी बागेचं पाणी तोडतो. झाडाला ताण बसतो, पानं पिवळी पडून गळू लागतात. नवख्याला वाटतं, बाग गेली. त्यानंतर खत घालून पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. मोगऱ्याचंही कुंडीपुरतं हेच. थंडीत पाणी आवरतं घ्यायचं, जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी करायची, उरलेली जुनी पानं काढून टाकायची आणि माती उकरून शेणखत घालायचं. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. मायेने सांभाळलेल्या जुन्या फांद्या नुसती जागा अडवतात.

पण कात्री चालवायची कोणी? प्रत्येक घरात एक कापणारा असतो आणि एक शेजारी उभा राहून ‘अगं, एवढं नको’ म्हणणारा. आमच्याकडे हे दुसरं खातं यजमानांकडे आहे. ऑफिसात दुसऱ्यांची बजेटं कापताना त्यांचा हात थरथरत नाही. मोगऱ्यावर कात्री आली की मात्र ते आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवतात.

बोगनवेल तर याहून सरस. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या तुकडीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1767 मध्ये ती ब्राझीलमध्ये पाहिली आणि कप्तानाचं नाव तिला दिलं. आज ती आपल्या महामार्गांच्या दुभाजकांवर डिझेलच्या धुरात राणी रंगाने पेटलेली असते. (तो रंग फुलांचा नव्हेच, फुलाभोवतीच्या पानांचा. खरं फूल मधलं ते इवलंसं पांढरं.) तिला रोज पाणी घाला, ती काटे आणि पानं देईल.

सगळ्यांनाच हा न्याय लावू नये. जास्वंद खादाड आहे. तिला ऊन हवं, खत हवं, उन्हाळ्यात पाणी चुकलं की कळ्या गळणार. शिवाय पिठ्या ढेकूण, आणि त्याच्या चिकट गोडव्यासाठी त्याची राखण करणाऱ्या मुंग्या. कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून पानांच्या खालच्या बाजूला फवारावं लागतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एवढं करून फूल टिकतं एक दिवस. तेही तळमजल्यावर राहणाऱ्यांना सहसा दिसत नाही. पहाटे आकडी काठी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आजोबा येऊन गेलेले असतात. हटकलं तर म्हणतात, ‘देवालाच नेतोय हो.’ म्हणजे आता तक्रार गणपतीविरुद्ध करायची. माझं मत विचाराल तर नेऊ द्यावीत. संध्याकाळी ती मिटणारच होती.

सदाफुलीबद्दल बोलायलाच नको. मादागास्करहून आलेलं हे झाड कर्करोगावर दोन नामांकित औषधं देऊन बसलंय, आणि आपल्याकडे ते ड्रेनेजच्या पाइपाशी, भिंतीच्या भेगेत उगवतं. कोणी पाणी घालत नाही, कोणी कौतुक करत नाही. ती बारा महिने फुलते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो होतो. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची राहिली, आणि गच्चीतल्या कुंड्या कोरड्या ठणठणीत. परत आलो तर बोगनवेलीवर पान दिसेना, इतकी ती रंगली होती. काकू कठड्यावरून वाकून बघत होत्या.

‘कुठलं खत घातलंत?’

‘काही नाही हो काकू. पाणीसुद्धा नव्हतं घातलं.’

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘सांगायचं नसेल तर नका सांगू,’ त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.